इलेक्ट्रिक गिटारवरच्या पिकिंगची नोंदवही: एका तारेवर १५२, तार बदलली की ९२

आठ आठवड्यांचं लक्ष्य: एका बीटमध्ये चार स्वर, १२० बीपीएम (मिनिटाला १२० बीट), आणि तेही एका तारेवर नव्हे तर सहाही तारांवरून जाताना. १२० वर चार म्हणजे सेकंदाला ८ स्वर. बीटमागे सहा स्वर वाजवले तर हाच वेग ८० बीपीएमला गाठला जातो. म्हणून वहीत नुसता बीपीएम लिहून भागत नाही, बीटमागे किती स्वर तेही शेजारी हवं.

जुळवणी

तारा १०-४६ (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) सहाव्या, सर्वांत जाड तारेची उंची २ मिमी, पहिली म्हणजे सर्वांत पातळ तारेची १.५ मिमी. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, १.१४ मिमी जाडीचं. ०.७३ मिमीचं पिक स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एकत्र छेडायला) छान, पण वेगात ते आधी वाकतं आणि मग तार सोडते, त्यामुळे प्रत्येक स्वर किंचित उशिरा येतो. पिक तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या कडेवर ठेवून वरून अंगठा टेकवायचा आणि टोक ३ ते ४ मिमीच बाहेर ठेवायचं. टोक जास्त बाहेर राहिलं की ते तारेत खोल रुततं, हात ते ओढून काढायला जोर लावतो आणि तिथूनच कोपरापर्यंत ताठरपणा चढतो.

पिकचा चपटा भाग तारेला समांतर न ठेवता अंदाजे ३० अंश फिरवलेला. कडेवरून तार सहज घसरते. याहून जास्त फिरवलं तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेच्या गुंडाळीवर खरखर वाढते.

अँपचा आवाज क्लीन किंवा अगदी थोडा गेन (आवाज फाटेल अशी वाढ). जास्त गेनमध्ये हलके-जड फटके एकसारखे ऐकू येतात आणि चूक झाकली जाते. अँप न लावता सराव करणं त्याहून वाईट: ऐकू यावं म्हणून हात नकळत जोरात मारतो.

आठवडा १: मोजमाप

तिसरी तार, सातवा फ्रेट, डावा हात स्थिर, नुसतं डाउन-अप (पिकचा एक फटका खाली, एक वर), १० सेकंदांचे तुकडे. बीटमागे चार स्वरांनी १५२ पर्यंत स्वच्छ. मग ए मायनर पेंटाटॉनिक (पाच स्वरांची स्वरमाला), पाचव्या फ्रेटचा साचा, दर तारेवर दोन स्वर. तो ९२ लाच फिसकटला.

या दोन आकड्यांमधलं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. हाताला वेग आहे, तो १५२ वर सिद्ध झालाय. अडतंय ते तार बदलताना. तेव्हा एकाच तारेवर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) दोन-दोनने वाढवत बसण्यात वेळ घालवायचा नाही, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं.

आठवडा २ आणि ३: पिक अडकतं कुठे

मोबाइल गिटारच्या हेडकडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजच्या (तारा जिथे अंगावर टेकतात त्या पट्टीच्या) दिशेने, तारांच्या पातळीत ठेवून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण. सेकंदाला ८ स्वर असले तर एका स्वराला ३० फ्रेम मिळतात, म्हणजे पिकचा मार्ग नीट दिसतो. समोरून घेतलेलं चित्रण इथे निरुपयोगी, त्यात पिक तारांच्या वर आहे की मध्ये हे कळतच नाही.

पिकचा मार्ग तारांच्या पातळीला अगदी समांतर असेल, तर डाउनस्ट्रोकनंतरही ते दोन तारांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि अपस्ट्रोकनंतरही. मग दर बदलाला मनगटाने उडी मारून ते बाहेर काढावं लागतं. ६० बीपीएमवर त्या उडीला भरपूर वेळ असतो, म्हणून हळू वाजवताना सगळं ठीक वाटतं. पेंटाटॉनिकमध्ये १२० ला दर पाव सेकंदाला एक बदल येतो, आणि उडी तिथे पुरत नाही. हळू सरावातून हा दोष सापडत नाही याचं कारण हेच.

उपाय: पिकचा धरलेला भाग जमिनीकडे किंचित झुकवायचा. यामुळे डाउनस्ट्रोक गिटारच्या अंगाकडे आत जातो आणि अपस्ट्रोक आपोआप तारांच्या बाहेर, हवेत येतो. तपासणी सोपी आहे. सावकाश एक डाउनस्ट्रोक मारून थांबा: पिक शेजारच्या पातळ तारेवर टेकलेलं हवं. एक अपस्ट्रोक मारून थांबा: पिक कशालाच न लागता मोकळं हवं. हा कल मनगट आणि हाताच्या फिरकीतून, किल्ली फिरवल्यासारखा यावा. नुसत्या बोटांनी पिक तिरकं केलं तर मार्ग बदलत नाही, फक्त पिक वाकडं दिसतं.

पेंटाटॉनिकमध्ये दर तारेवर दोनच स्वर, म्हणून डाउन-अप झालं की पिक बाहेर असतं आणि पुढची तार मोकळी मिळते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस १०८.

मध्येच एक नवी चूक शिरली. तळहाताची कड ब्रिजवर जरा जास्त दाबली जात होती. फ्लोटिंग ट्रेमोलो (स्प्रिंगवर हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारवर या दाबाने सूर चढतो. कड टेकू द्यावी, भार नको.

आठवडा ४ ते ६: तीन स्वरांचा पेच

इथेच सर्वाधिक दिवस गेले. जी मेजर, दर तारेवर तीन स्वर: सहावी आणि पाचवी तार ३-५-७, चौथी आणि तिसरी ४-५-७, दुसरी आणि पहिली ५-७-८. तीन हा विषम आकडा. डाउन-अप-डाउन झाल्यावर पिक आत अडकलेलं, म्हणजे आधी कमावलेली सगळी सोय वाया.

स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनच्या वादनात यावरचा जो तोडगा दिसतो तोच घेतला. वर जाताना (जाड तारेकडून पातळ तारेकडे) अडकलेलं पिक अडकलेलंच राहू द्यायचं. ते तसंही शेजारच्या तारेवर टेकलेलं असतं, तिथून तोच डाउनस्ट्रोक पुढे ढकलायचा: डाउन-अप-डाउन, डाउन-अप-डाउन. खाली येताना पहिले दोन स्वर डाउन-अप आणि तिसरा पुल-ऑफने (पिक न मारता, डाव्या हाताचं बोट तार ओढत सोडून). फटके दोनच, शेवटचा अप, पिक बाहेर.

वर जाताना बिघडते ती लय. दोन सलग डाउनस्ट्रोक घाईने एकमेकांना चिकटतात आणि नव्या तारेचा पहिला स्वर लवकर पडतो. यावर बीटमागे तीन स्वर वाजवावेत, म्हणजे दर तार नेमकी बीटवर सुरू होते आणि घाई लगेच कानाला टोचते. सुरुवात ७० वर, फक्त दोन तारा, सहा स्वर आणि सातव्यावर थांबा. सहा तारांची पूर्ण फेरी पाचव्या आठवड्यापर्यंत मुद्दाम टाळली.

खाली येताना दोष डाव्या हाताचा. तिसऱ्या-चौथ्या तारेवर पाचव्याहून चौथ्या फ्रेटवरचा पुल-ऑफ क्षीण येतो, कारण मधलं बोट नुसतं उचललं जातं. ते जमिनीच्या दिशेने तार ओढत सोडायला हवं. सहाव्या तारेवर ५ वरून ३ ला तर हे आणखी जाणवतं.

रोजचा वेळ २५ मिनिटं. त्यात ५ ते ७ स्वरांचे झटपट तुकडे, दोन तुकड्यांमध्ये हात पूर्ण सैल. दंड थरथरू लागला तर वेग कोपरातून येतोय असं समजून १० बीपीएम खाली. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं तर त्या दिवसाचा सराव बंद.

आठवडा ७ आणि ८

पेंटाटॉनिक, बीटमागे चार: ११८, चांगल्या दिवशी १२२. जी मेजर वर जाताना, बीटमागे तीन: १४०, म्हणजे सेकंदाला ७ स्वर. खाली येताना १३२. बीटमागे चार केले की तारेचा पहिला स्वर बीटवर राहत नाही आणि आकडा लगेच ९८ वर येतो, सेकंदाला साडेसहा.

दर तारेला एकच स्वर असलेले आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर सुटे, एकामागून एक) आळीपाळीने डाउन-अप वाजवायचे तर ही पद्धत पुरत नाही. तिथे डाउनस्ट्रोकनंतरही पिक बाहेर यायला हवं, म्हणजे कल उलटा करणं आलं. पुढच्या महिन्याचा पहिला व्यायाम म्हणून दुसरी आणि तिसरी तार घेतली आहे: तिसरीवर डाउन, दुसरीवर अप, बीटमागे दोन, ८० पासून. चित्रण त्याच कोनातून.