ऑडिओमेट्रीच्या खोलीत नवरा येत नाही

"काडीनं कोरताना लागलं तिला," नवरा म्हणाला. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ती गप्प. मी डाव्या कानात बघितलं. पडद्याला वेडीवाकडी चीर, कडेला वाळलेलं रक्त, आणि कानाच्या नळीत साधा ओरखडासुद्धा नाही. मारणारा बहुधा उजव्या हाताचा असतो, त्यामुळे समोरून कानाखाली बसली की हवेचा दाब जातो तो डाव्याच पडद्यावर.

नवऱ्यासमोर मी काहीच विचारलं नाही. लॉकडाऊनमध्ये फोनवर पेशंट बघायचे, तेव्हा बायकांचे फोन स्पीकरवर असायचे आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं मागून पुरुषाच्या आवाजात यायची. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल 2020 मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲप नंबर दिला, तो घरात तोंड उघडायची सोय उरली नव्हती म्हणूनच. साथ ओसरली, तरी काही नवऱ्यांची सोबत काही सुटली नाही. मीही त्या काळातला एक नियम मुद्दाम ठेवलाय: ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीच्या खोलीत पेशंट एकटाच. जाड दार, आतलं बाहेर ऐकू जात नाही. कोविडचा नियम म्हटलं की कुणी हुज्जतही घालत नाही.

दार लावलं आणि सरळ विचारलं, "अशी चीर हाताच्या फटक्यानं पडते. घरात कोण मारतं?"

"मारतोय की. पण पोलीस नगं, म्याडम."

"गळा धरला होता?"

ती थांबली. आवाज घोगरा होता, मला सर्दी वाटली होती. गिळताना दुखत होतं. गळा आवळणं ही चापटीच्या पुढची पायरी नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. असं एकदा झालं की पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटीनं वाढतो. दुर्बिणीनं स्वरयंत्र बघितलं, सूज होती. हे तिला स्पष्ट सांगितलं. नवरा सोड वगैरे सांगितलं नाही. तो सल्ला फुकटचा असतो आणि घरी परत जायचं तिला असतं.

कागद दोन केले. घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर फक्त: कान कोरडा ठेवा, थेंब घालू नका. आमच्या केसपेपरवर पडद्याचं चित्र, मापं, गळ्याच्या खुणा, तारीख आणि तिचे शब्द तिच्याच भाषेत. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर लिहून दिला नाही, पाठ करून घेतला. पोलिसांत न जाताही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला बाहेर काढू नये असा आदेश मिळू शकतो, हे ऐकून तिनं दोनदा विचारलं, "खरं?" शाहू महाराजांनी 1919 साली बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला त्या गावात आम्ही डॉक्टर अजून 'घरचा मामला' म्हणून कानात टॉर्च मारून मोकळे होतो.

फेरतपासणीला ती नणंदेला घेऊन आली. पडदा भरून आला होता. नणंदेला बाहेर बसवून ती स्वतःच ऑडिओमेट्रीच्या खोलीत शिरली.

"त्या कागदाची कॉपी मिळंल? आत्ता नगं, घरात घावंल. हितंच ठेवा, लागली की मागतो. आणि ते अधिकारी कुठं बसत्यात, तेवढं सांगा."

सांगितलं. नणंदेला सोबत घेऊ का, असंही तिनं विचारलं. ते मात्र तिनंच ठरवावं म्हटलं.