तुम्ही विचारलंत म्हणून: पेशीपटलावर इतके तास कशाला?

'सर, पेशीपटल अजून संपलं नाही?' पालक विचारतात, सहकारी विचारतात, वेळापत्रक लावणारे तर दरवर्षी विचारतात. चार मार्कांचा मामला, विसरण (कणांचं दाटीकडून विरळाकडे पसरणं) आणि परासरण (पटलातून पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं) या दोन व्याख्या आणि पाण्यात फुगणाऱ्या बेदाण्यांचा एक प्रयोग. तीन तासांत उरकावं अशी अपेक्षा असते, मी आठ घेतो. 'पाया पक्का व्हायला हवा' असं सांगून आजवर वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं आहे.

आधी माझी बाजू मांडतो. पुस्तकात 'निवडक्षम पारपटल' हा शब्द आला की आम्ही शिक्षक फळ्यावर चाळणी काढतो. बारीक कण पलीकडे, मोठे अलीकडे. मीही कित्येक वर्षं हेच केलं. पण सोडियमचा आयन ग्लुकोजच्या रेणूपेक्षा कितीतरी लहान असूनही पेशीपटल ज्याचं बनलेलं असतं त्या मेदाच्या दुहेरी थरातून जवळपास जातच नाही, कारण त्याच्यावर विद्युतप्रभार असतो. स्टेरॉइड संप्रेरकं त्याच्यापुढे अवाढव्य, तरी मेदात विरघळतात म्हणून पार होतात. पाण्याची तर स्वतंत्र दारं आहेत, ॲक्वापोरिन नावाची. एका दारातून सेकंदाला सुमारे 3 अब्ज रेणू जातात, प्रोटॉनला मात्र तिथे मज्जाव. या शोधासाठी पीटर आग्रे यांना 2003 मध्ये नोबेल मिळालं. हे सगळं चाळणीत कुठे बसवायचं? एवढ्यासाठीसुद्धा आठ तास मला जास्त वाटत नाहीत.

आता खरं कारण.

मुलगी दोन वर्षांची होती. उलट्या-जुलाब सुरू झाले. घरात ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून देतात त्या मीठ-साखरेच्या पावडरीची, मोठी पाकिटं होती, 20.5 ग्रॅमची, एका लिटरला एक. ती जेमतेम घोटभर घेत होती. लिटरभर पाणी तिच्या पोटात कधी जाणार? मी विचार केला, औषध तर पावडरीत आहे, पाणी नुसतं कालवण्यापुरतं. अख्खं पाकीट एका पेल्यात ओतलं. बायको म्हणाली, 'अहो, त्यावर एक लिटर लिहिलंय.' मी म्हणालो, 'परासरण मी शिकवतो.'

पेल्याच्या तळाशी दाणे राहिले होते. ते मी चमच्यानं खरवडून पुन्हा ढवळले आणि पाजत राहिलो. जुलाब वाढले. ती 'पाणी, पाणी' करायची आणि मी तोच पेला तिच्या तोंडाला लावायचो. तिनं ढकलला की तिचा हात धरून ठेवायचो. रात्री दुसरं पाकीट फोडलं, तेही पेल्यातच. पहाटे तिचं रडणं बदललं. बारीक, चिरका, न थांबणारा सूर. अंगाला हात लावला की दचकायची.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, 'किती पाण्यात कालवलंत?' मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, रक्त घेतलं. सोडियम भलतंच चढलं होतं. मी म्हणालो, मग भराभर पाणी चढवा ना. त्या म्हणाल्या, 'हळूहळूच उतरवायचं. दोन दिवस लागतील.' मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तात मीठ वाढलं तसं मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर निघून गेलं. तग धरायला त्या पेशी आतले विरघळलेले पदार्थ वाढवत गेल्या. आता बाहेर एकदम पाणी वाढलं तर ते आत घुसेल, पेशी फुगतील, आणि कवटीत फुगायला जागा नसते.

मी दरवर्षी पाण्यात टाकतो तो बेदाणा.

दोन दिवस ठिबकणारे थेंब मोजत बसलो. पुस्तकं उघडली ती त्यानंतर. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी जोडी जमली की ते आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. सोडियम-ग्लुकोजची ही सांगड रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे मांडली. ओआरएस उभं आहे ते यावरच. पण पाणी मागून जायला बाहेरचं द्रावण पातळ हवं. रक्ताची तीव्रता लिटरला 290 मिलिऑस्मोलच्या (विरघळलेल्या कणांच्या संख्येचं माप) आसपास असते. ओआरएसची आधी 311 होती, ती 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 245 वर आणली. माझ्या पेल्यात ती पाचपट, म्हणजे बाराशेच्या वर गेली होती. ते वाहक प्रथिन जितकं आत घेऊ शकत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मी समोर ओतलं होतं, आणि उरलेलं तिच्याच अंगातलं पाणी आतड्यात खेचत होतं.

तेव्हाचा मी अजूनही म्हणतो, तुला वाहक प्रथिनं कुणी शिकवलीच नव्हती. खरं आहे. पण 'अतिपरासारी द्रावण', म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर खेचणारं दाट द्रावण, ही व्याख्या मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिली होती, अधोरेखित करून. मग मला माहीत होतं की नव्हतं? याचं उत्तर मला देता येत नाही. बायको म्हणते, तुमचं प्रायश्चित्त त्या पोरांच्या तासांत कशाला? तिचंही चूक म्हणवत नाही. आठ तास शिकवून कुणी पाकिटावरची ओळ वाचेल, याची खात्री मला नाही. ती ओळ मी वाचली होती.

मुलगी आता बारावीत आहे, ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात तिला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'म्हणजे मी पेला ढकलत होते?'

हो म्हणालो.