फी माफ झाली, मग खर्च कशाचा?

२०२४च्या जुलैत आमच्या सांगोला तालुक्यात दोनच विषय होते. एक लाडकी बहीण आणि दुसरा, मुलींचं इंजिनिअरिंग फुकट झालं म्हणे. माझी थोरली तेव्हा सीईटी देऊन घरी बसली होती. भेटेल तो म्हणायचा, "वहिनी, तुमचं बरंय, आता एक रुपया लागत नाही." मी पतसंस्थेत क्लार्क आहे. एक रुपया लागत नाही असं कुणी म्हणालं की आधी कागद मागायचा, ही सवय नोकरीनेच लावलेली. ८ जुलै २०२४चा तो शासन निर्णय मोबाइलवर उतरवून घेतला, प्रिंट काढली आणि पेन घेऊन बसले.

निर्णय चांगलाच आहे, त्यात वाद नाही. ईडब्ल्यूएस म्हणजे खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी म्हणजे मराठा आरक्षणाच्या गटातल्या, आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत आधी निम्मी शिक्षण फी आणि निम्मी परीक्षा फी मिळायची, ती पूर्ण झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही. खासगी विद्यापीठांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. पुण्यात हा फरक फार महाग पडतो. तिथे कॉलेज कुठलं आणि विद्यापीठ कुठलं हे पाटीवरून नीट कळत नाही, जाहिराती तर सगळ्यांच्या सारख्याच. आमच्या ओळखीतल्या एका घराने मुलीची जागा अशाच एका विद्यापीठात पक्की केली. फी माफी तिथे चालत नाही हे समजेपर्यंत पहिला हप्ता भरून झाला होता.

आणि माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. विकास शुल्क, अनामत, खोली, मेस, बस, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप हे सगळं आपल्याकडेच राहतं. पुण्यात राहणाऱ्या मुलीचा चार वर्षांचा हिशेब मांडला तर या उरलेल्या खर्चाची बेरीज कधीकधी फीच्या पुढे जाते. मी तो हिशेब जुलैतच वहीत मांडला. आमचं दोन एकर डाळिंब, त्यातही तेल्या रोग येऊन गेलेला, आणि माझा पगार. तेव्हा फी सोडून बाकीचं कुठून आणायचं, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्याआधी कागदांचं सांगते, कारण पोरं अडतात ती इथेच. लोकांना वाटतं शिष्यवृत्ती बारावीच्या निकालानंतर शोधायची. माझं मत विचाराल तर ती अकरावीत सुरू होते आणि सुरुवात जात पडताळणीपासून होते. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघतो, पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जिल्हा पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आमच्या घरात कुणाचीच वैधता नव्हती, त्यामुळे मुलीच्या आजोबांच्या शाळेपर्यंत जावं लागलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जुनं रजिस्टर, कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली. गुरुजींनी बोट फिरवत फिरवत सासऱ्यांचं नाव काढलं आणि प्रवेश-निर्गमाचा उतारा लिहून दिला. सासऱ्यांना शाळेचं वर्ष आठवत नव्हतं, पण शाळेत कुणी बदडलं होतं ते पक्कं आठवत होतं.

त्या उताऱ्यासोबत मुलीच्या वडिलांचा शाळेचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र जोडलं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलत भावंडं यांच्यात कुणाला वैधता मिळालेली असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. तेव्हा भाऊबंदकी थोडी बाजूला ठेवून आधी चौकशी करावी. आमचं प्रमाणपत्र बारावीच्या परीक्षेआधी हातात आलं. निकालानंतर धावपळ करणाऱ्या कितीतरी मुली नुसती पोचपावती घेऊन प्रवेशाच्या रांगेत होत्या.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे ओबीसींतल्या सधन वर्गात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, हे दोन वेगळे कागद आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण एकाच्या जागी दुसरा अपलोड केलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. नॉन-क्रीमी लेअरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि ते प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालू असावं लागतं. आम्ही मे महिन्यातच तलाठी भाऊसाहेबांना गाठलं. जुलै उजाडला आणि लाडक्या बहिणीसाठी तलाठी कार्यालयं, सेतू केंद्रं, बँका सगळीकडे बायकांची रीघ लागली. त्या गर्दीत पोरीचा दाखला काढायला उभी राहिले असते तर कॅपची पहिली फेरी बाहेरूनच बघितली असती. आणखी एक, सेतूवर प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर विचारा कशाला. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्याने २००४मध्येच माफ केलं आहे.

कॅपचे पर्याय भरताना मुलगी कटऑफ बघत होती आणि मी फी. व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर असते. शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, वेगवेगळं. शिक्षण शुल्क माफच होणार होतं, म्हणून मी फक्त विकास शुल्काचा आकडा वहीत उतरवला आणि त्याच्यापुढे वसतिगृह आहे की नाही ते लिहिलं. सारख्या दर्जाच्या दोन कॉलेजांत या दोनच गोष्टींनी बराच फरक पडतो. मुलगी म्हणाली, "आई, तू कॉलेज निवडतेस का भाड्याचं घर?" दोन्ही, म्हटलं.

टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीमच्या जागांबद्दलही थोडं. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा असतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कुठल्याही जातीच्या मुला-मुलीला त्या मिळू शकतात आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. कटऑफ बराच वर जातो आणि एकदा घेतली की शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. ओबीसी मुलीला आता त्यामागे धावायचं कारण उरलं नाही, म्हणून आम्ही ते पर्याय भरले नाहीत. मुलांचं गणित वेगळं. ओबीसी मुलाची निम्मीच फी माफ होते, त्याने टीएफडब्ल्यूएसचे पर्याय जरूर भरावेत.

पुण्याच्या एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी सव्वा लाखाच्या आसपासचा आकडा सांगितला. सगळी भरा, स्कॉलरशिप आली की परत करू. मी पिशवीतून शासन निर्णयाची प्रत काढली. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये अशा सरकारच्या सूचना आहेत, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला वरून सांगितलंय." मग मी वरच्यांना भेटायला मागितलं. आवाज चढवला नाही. पतसंस्थेत थकबाकीदार आवाज चढवतात तेव्हा त्यांचं काम होत नाही, हे रोज बघते. एक साधा अर्ज लिहिला : मुलगी या निर्णयानुसार पात्र आहे, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरत आहोत, शिक्षण शुल्क घेऊ नये, आणि घ्यायचंच असेल तर तसं लेखी द्यावं. लेखी द्यायला कुणी तयार होत नाही. तासाभराने, शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर फी भरू, असं हमीपत्र आमच्याकडून घेतलं आणि विकास शुल्क व किरकोळ फीवर प्रवेश दिला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायला विसरू नका. माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर तोच कागद आहे.

महाडीबीटीचा अर्ज मुलीने स्वतः भरला. साइट दिवसा रडते, पहाटे बरी चालते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि आमच्याकडे तो नंबर वडिलांचा, वडील डाळिंबात, तिथे रेंज नाही. अर्ज भरण्याआधी मुलीच्या आधारला तिचाच नंबर जोडून घेतला, मग हा खेळ थांबला. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का तेही बघून घ्यावं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. कॉलेजमध्ये तो पडून राहिला तर वरच्या कुणालाच दिसत नाही. मुलीला सांगून ठेवलं होतं की दर सोमवारी स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर तोंड दाखवायचं. एकदा अर्ज परत आला, कारण स्कॅन पुसट. लगेच दुरुस्त केला.

बँकेच्या खात्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, हा माझा प्रांत आहे. बचत मुलीच्या नावावर आमच्याच पतसंस्थेत होती. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, सरकारचे थेट लाभाचे पैसे तिथे येत नाहीत. बँकेत खातं असलं तरी केवायसीला आधार दिलं म्हणजे झालं असं नसतं. हे पैसे खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर सुटतात आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाच्या, नोंदीत त्या आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असेल त्यात जाऊन पडतात. शाळेत असताना काढलेलं, पासबुक हरवलेलं एखादं खातं तिथे जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जातील आणि पोरगी पुण्यात एसएमएसची वाट बघत बसेल. कुठलं खातं जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. आम्ही पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढलं. पोस्टमनदादांनी दारात बसून अंगठा घेतला, आणि काही दिवसांनी संकेतस्थळावर तेच खातं दिसायला लागलं.

आता खोली-मेसचं. पुण्यात गरजू ग्रामीण मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५पासून आहेत. तिथे अर्ज केला होता, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. मग ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेकडे वळलो. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी ही योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार : भोजनाचे ३२, निवासाचे २० आणि निर्वाहाचे ८. इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३. आम्ही अर्ज केला तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती आणि एका जिल्ह्यातून सहाशेच विद्यार्थी घ्यायचे होते. त्यामुळे आठ लाखांच्या आत आहोत म्हणून निश्चिंत बसू नका, प्रत्येक योजनेची रेघ वेगळ्या जागी आहे. मुलीचं नाव यादीत आलं. पैसे मात्र खर्चाच्या मागून येतात, म्हणून पहिल्या वर्षाची खोली-मेस मी सोनं तारण ठेवून भरली. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार आहे आणि आदिवासी मुलांसाठी स्वयं. शेजारच्या मुलाला स्वाधारबद्दल आमच्याच घरात कळलं, आणि तो तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता!

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तांत्रिक शिक्षणातल्या मुलींसाठी प्रगती आहे, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. तो अर्ज केला, निवड गुणांवर होते, नाव लागलं नाही. दुसरी, बारावीत आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांसाठी, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार. ती आम्ही सोडली, कारण तिच्याबरोबर राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही. लाखभराची माफी सोडून बारा हजार कोण घेईल? पण कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दोन्हींचे कागद शेजारी शेजारी लावलेले असतात आणि मुलं दोन्ही भरून मोकळी होतात.

कर्ज काढलं नाही. काढायची वेळ आली असती तर साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना शिक्षण सुरू असतानाच्या व्याजावर केंद्राची सवलत असते, ती आधी बँकेत विचारली असती.

बाकी बचतीत मोठेपणा काही नाही. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली, ड्राफ्टर वरच्या वर्षाच्या मुलीचा. एसटीत मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे सांगोला-पुणे येणं-जाणं परवडतं आणि आईचा एक डबा जादा जातो. दुसऱ्या वर्षापासून ती विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात काम करते. त्या पैशांत तिचा मोबाइलचा रिचार्ज आणि झेरॉक्स निघते, आणि मला हिशेब देत नाही.

फी माफीच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला मी एप्रिल-मेमध्येच काढून ठेवते. धाकटा आता अकरावीला आहे. त्याच्या जात पडताळणीच्या अर्जाला बहिणीचं वैधता प्रमाणपत्र जोडलं, आजोबांच्या रजिस्टरपर्यंत जावं लागलं नाही. त्याला मुलींची माफी नाही, म्हणून टीएफडब्ल्यूएसचे मागच्या वर्षांचे कटऑफ छापून त्याच्या टेबलावर ठेवलेत. सध्या त्यावर चहाचा कप असतो.