त्याला काय कळतंय!

"अहो, त्याला काय कळतंय? उगाच बडबड करताय."

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. समोर एक तरुण बाबा मांडीवरच्या बाळाशी बोलत होता, शेजारच्या काकांनी त्याला हटकलं. बिचारा ओशाळून गप्प झाला. मला ते फार खटकलं.

कारण गप्पा खऱ्याच चालल्या होत्या. बाळ पंख्याकडे बघून "आऽ" करायचं. बाबा म्हणायचा, "हो? फिरतोय का तो?" आणि थांबायचा. बाळ पाय झाडून पुन्हा "आऽऽ"!

ते थांबणंच तर महत्त्वाचं. आपण आवाज केला की समोरून उत्तर येतं, मग पुन्हा आपली पाळी, हे बाळ पहिला शब्द फुटायच्या कितीतरी आधी शिकतं. मोबाइल बोलतो भरपूर, पण बाळासाठी थांबत नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, ते काही उगाच नाही.

खेळण्यांवर, फ्लॅशकार्डांवर आपण हौसेनं खर्च करतो (बाळाला बहुतेक त्यांचा खोकाच आवडतो). पण दमूनभागून आलेल्या आईबापाला अशा गप्पांसाठी अर्धा तास मोकळा मिळावा, म्हणून घरात आणि ऑफिसात कोण काय करतं?