अल्पाइनवरचा मेल सर्व्हर: टीएलएस अखेर सुरू, नडत होतं बीट्री

मंडळी, अल्पाइन लिनक्सवरच्या माझ्या मेल सर्व्हरच्या पोर्ट ५८७ वर (मेल पाठवायचं दार) एकदाचं टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी व्यवस्था) चालू झालं!

'हॅश' या डेटाबेस प्रकाराची भानगड मागेच लिहिली होती, थोडक्यात पुन्हा सांगतो. अल्पाइनचं पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) बर्कली डीबीशिवाय (हॅश जिच्यावर चालतं ती डेटाबेस लायब्ररी) येतं. २०१३ साली ६.० आवृत्तीपासून ओरॅकलने तिचं लायसन्स बदलून एजीपीएल (जास्त कडक अटींचं मुक्त लायसन्स) केलं, तेव्हापासून डिस्ट्रोवाले तिच्याबाबतीत हात आखडूनच आहेत. त्यामुळे डेबियनवरून आणलेल्या मेन डॉट सीएफ या कॉन्फिग फाइलमधलं प्रत्येक 'हॅश' काढून 'एलएमडीबी' (दुसरा डेटाबेस प्रकार) केलं, पोस्टमॅप आणि न्यूएलिअसेस (त्या डेटाबेस फाइली नव्याने बांधणाऱ्या कमांड) पुन्हा चालवलं, आणि लोकल डिलिव्हरी लगेच सुरू झाली.

घोडं पुढे अडलं. स्टार्टटीएलएस (टीएलएस सुरू करायची कमांड) म्हटलं की उत्तर ठरलेलं: ४५४ ४.७.०, टीएलएस नॉट अवेलेबल ड्यू टू लोकल प्रॉब्लेम. लॉगमध्ये (अल्पाइनवर तो /व्हार/लॉग/मेसेजेसमध्ये जातो, मेल डॉट लॉग शोधत बसू नका) डोळ्यात भरणारी ओळ एकच: 'नो एन्ट्रॉपी फॉर टीएलएस की जनरेशन'. ही ओळ वाचून कोणीही एन्ट्रॉपीच्याच (की बनवायला लागणाऱ्या रँडमपणाच्या) मागे लागेल. यूरँडम (कर्नलचा रँडम आकड्यांचा स्रोत) पाहिलं, हेवजेड (एन्ट्रॉपी वाढवणारा प्रोग्राम) टाकून पाहिलं, कर्नलचा एन्ट्रॉपीचा आकडा पाहिला. तो २५६, म्हणजे नव्या कर्नलच्या हिशेबाने काठोकाठ भरलेला. तरी एन्ट्रॉपी नाही!

उलगडा झाला तो एसएमटीपीडीच्या (येणाऱ्या जोडण्या घेणारा पोस्टफिक्सचा भाग) ओळी सोडून मास्टरच्या (बाकी भागांना उठवणारा मुख्य भाग) ओळी वाचल्यावर. टीएलएसएमजीआर (टीएलएसचं सीड आणि कॅश सांभाळणारा भाग) सुरू होताक्षणी मरत होता. मास्टर 'बॅड कमांड स्टार्टअप, थ्रॉटलिंग' म्हणून जरा थांबायचा, त्याला पुन्हा उठवायचा, तो पुन्हा मरायचा. आणि पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडीला रँडम सीड मिळतं ते या टीएलएसएमजीआरकडूनच. तोच नाही, म्हणून सीड नाही, म्हणून टीएलएस बंद. कर्नल बिचारा निर्दोष.

तो मरत होता मेन डॉट सीएफमधल्या सेशन कॅशच्या (आधीच्या टीएलएस जोडण्या लक्षात ठेवणारा साठा) ओळींमुळे. तिथे प्रकार लिहिलाय 'बीट्री', आणि बीट्री हीसुद्धा बर्कली डीबीच. 'हॅश' शोधून बदलणाऱ्याला ती सापडायची कशी? सर्व्हर आणि क्लायंट बाजूच्या दोन्ही ओळींत एलएमडीबी केलं, आरसी-सर्व्हिस पोस्टफिक्स रिस्टार्ट, आणि ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटवर (टीएलएस जोडणी तपासायची कमांड) टीएलएस १.३! सर्टिफिकेटची अख्खी साखळी स्क्रीनवरून सरकताना बघायला जे वाटलं ते इथल्यांना वेगळं सांगायला नको.

जुनं कॉन्फिग अल्पाइनवर नेणाऱ्यांनी सगळ्यात आधी 'पोस्टकॉन्फ -एम' चालवा. कोणते डिक्शनरी प्रकार उपलब्ध आहेत ते लगेच दिसतं.

हे लिहिता लिहिता पोस्टफिक्सचं डॉक्युमेंटेशन पुन्हा चाळलं. २.११ पासून सेशन तिकिटांवर (जोडणीची आठवण क्लायंटकडेच ठेवणारी सोय) काम भागतं, सर्व्हर बाजूच्या कॅशची गरजच उरत नाही. मग ती ओळ ठेवायची कशाला? आज उडवतोच. क्लायंट बाजूची तेवढी एलएमडीबीवर राहील. पोस्टस्क्रीनचा (स्पॅम बॉटना दारातच अडवणारा पोस्टफिक्सचा भाग) बेत आहेच, पण त्याचीही कॅश मुळात बीट्रीच धरते, तेव्हा ती आधी बदलायची.

डीकेआयएमचं (मेलवर डोमेनची डिजिटल सही) थोडक्यात: २०४८ बिटांची पब्लिक की बेस६४ मध्ये ३९२ अक्षरांची होते आणि ती डीएनएसमधल्या ज्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये ठेवायची त्याची एक स्ट्रिंग २५५ बाइटांची. माझ्या डोमेनवाल्याचं पॅनल उरलेलं गुपचूप कापून टाकतं, साधी सूचनाही देत नाही. दोन अवतरणांत तोडून दिली की नीट घेतं. असल्या पॅनलवर भरवसा नको, डिगने (डीएनएस नोंदी दाखवणारी कमांड) खात्री करा. याउलट व्हीपीएसवाले (भाड्याने आभासी सर्व्हर देणारे) चोख निघाले: पोर्ट २५ (दुसऱ्या सर्व्हरांना मेल द्यायचं दार) एका सपोर्ट तिकिटात उघडून दिलं.

सही करायला ओपनडीकेआयएम नकोच, त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०१५ ची. आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा, सहीही करणारा प्रोग्राम) ठरलं होतं, पण ५१२ एमबी रॅममध्ये त्याच्यासोबत रेडिस (मेमरीतला डेटाबेस) आणि डव्हकॉट (मेल वाचायला देणारा आयमॅप सर्व्हर) कितपत मावतील याची धाकधूक आहे. आधी डव्हकॉट एकटं चालवून मेमरी बघतो. आणि जीमेलला पहिली मेल टाकण्यापूर्वी आयपीव्ही६ चा पीटीआर (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) लावून घेतो. तो नसेल तर आयपीव्ही६ वरून आलेली मेल जीमेल दारातूनच परत पाठवतं.