भरतीचं गणित आणि पहिला कॅमेरा

किनाऱ्यावर फोटोग्राफी सुरू करणाऱ्याने कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक नंतर वाचलं तरी चालेल, आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणाही जाणत्या मच्छीमाराला विचारा, तो भरतीची वेळ तिथीवरून सांगेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जवळजवळ पाऊण तासाने पुढे. थोडंफार मागेपुढे होतंच, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते.

आता हेच गणित फोटोला लावा. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, म्हणून ओहोटी साडेपाच-सहाला, ऐन सूर्यास्ताच्या तोंडावर. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप मागे हटतं आणि ओल्या पुळणीत आभाळाचं प्रतिबिंब मिळतं. पौर्णिमेला तर मागे वळलात की माडांवर चंद्र उगवत असतो. अष्टमीच्या आसपास उलट: सूर्यास्ताला पाणी वर आलेलं, खडकाला लाटा भिडलेल्या. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, वरची पुळण कोरडीच राहते. खडकावर उभं राहून फोटो काढणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. सहा तासांच्या भरतीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं. परतीची वाट त्याआधी धरायची.

ही विद्या कोळी, गाबीत, खारवी, दालदी घरांमधून आपल्याला फुकट मिळते. फोटोग्राफीत मदत करणाऱ्यांची यादी करायची तर पहिलं नाव त्यांचं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, म्हणून किनाऱ्यावर ऊन उशिरा उतरतं. पण उतरलं की ते आपल्या पाठीकडून येतं आणि बंदरात शिरणाऱ्या होड्यांवर, खलाशांच्या चेहऱ्यांवर थेट पडतं. चेहरे हवेत तर सकाळ. संध्याकाळी त्याच होड्या काळ्या आकृत्या होतात. तेव्हा सूर्याच्या शेजारच्या आभाळावर मीटरिंग करून (म्हणजे तिथला प्रकाश कॅमेऱ्याला मोजायला लावून) एक्स्पोजर लॉक करा; आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) 8 ठेवून शटर 1/500 सेकंदाच्या आसपास येईल. सूर्यास्ताची जागाही हलते: डिसेंबरात तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. हिवाळ्यात एखाद्या खडकामागे मावळणारा सूर्य मे महिन्यात तिथे सापडणार नाही.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतं. म्हणून फेस आणि कोरडी वाळू मळकट येते; तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, +1 करा. काळा खडक किंवा ओला जांभा फ्रेमभर असेल तर -0.7. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकल्यावर पूर्ण उघडतो तो क्षण डोळ्यालाही पुरत नाही. तिथे शटर 1/1000 सेकंद आणि सलग फोटो. परतणाऱ्या लाटेचे पांढरे ओघळ हवे असतील तर साधारण अर्धा सेकंद, अर्थात ट्रायपॉडवर. इथे हमखास फसतं. लाट पायांखालची वाळू काढून नेते, ट्रायपॉड शटर उघडं असतानाच खचतो आणि फोटो हलतो. पाय वाळूत दाबून घट्ट बसवा, लाट येऊन जाऊ द्या, पुन्हा दाबा, मग शटर. ट्रायपॉड उघडताना सगळ्यात खालचा बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, उघडा ठेवून वाळवा.

लेन्स कोरड्या कापडाने कधीही पुसू नका. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण राहतात आणि पुसताना तेच काचेवरचं कोटिंग ओरखडतात. आधी ब्लोअर, मग लेन्सच्या द्रवाने किंचित ओला केलेला टिश्यू, मधून कडेकडे. कॅमेऱ्याच्या अंगावरून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड फिरवा. पुळणीवर लेन्स बदलू नका.

बुरशी हा कोकणातला खरा शत्रू. पावसाळ्यात घरातली आर्द्रता महिनोन्‌महिने उतरत नाही आणि चामड्याची पिशवी ती ओल धरून ठेवते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. काटा 40 ते 50 टक्क्यांवर हवा. 30 च्या खाली लेन्समधलं वंगण सुकण्याची भीती. जेलचा रंग बदलला की 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्या ओल शोषत नाहीत आणि त्यांची वाफ काचेवर बसते. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. काचेवर कोळिष्टकासारखे धागे दिसले तर लेन्स स्वतः उघडू नका. जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे न्या. जिल्ह्याच्या गावी असा माणूस अजून सापडतो, आणि त्याला काम देत राहणं हीच त्याची कदर.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असताना ‘काका, फोटो काढू काय?’ असं आधी विचारा. ताणलेल्या दोराच्या आत उभे राहू नका, जाळं ओलांडू नका, आणि ओढायला हात कमी पडत असतील तर कॅमेरा बाजूला ठेवा.

ज्यांचे फोटो काढलेत त्यांना छापील प्रत मिळालीच पाहिजे. याबाबतीत मी हट्टी आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणजे फाइल लहान होऊन बारकावे जातात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 6 × 8 इंचाच्या प्रिंटला 1800 × 2400 पिक्सेल लागतात, म्हणजे मोबाइलचा फोटोही पुरतो. गावातल्या स्टुडिओत छापा आणि तिथे बसून रंग कसे जुळवतात ते बघा. तेवढ्यात बरंच शिकायला मिळतं. मॅट कागद घ्या, बोटांचे ठसे कमी उमटतात. फ्रेम करून देणार असाल तर काच आणि फोटोमध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवरच राहतो. मागे नाव, बंदर आणि तारीख घाला, बॉलपेनने नव्हे, त्याचा दाब पुढून उमटतो. बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने लिहा आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय प्रती एकमेकींवर रचू नका.