एवढं शिकलीस, मग गाय का नाही वाचवलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून. हळदीकुंकवाला विचारता, लातूर-उदगीर एसटीत विचारता, मयतीला आलेले पाहुणेसुद्धा विचारतात. "पोटातल्या जंतूंवर एवढं शिकलीस, मग दादाची गाय का नाही वाचवलीस?" एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

पहिलं म्हणजे मी जनावरांची डॉक्टर नाही. रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स नावाचा एक जंतू कोटीपोटात, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटात, कडब्याचा चिवट तंतू, सेल्युलोज, फोडतो, मी त्याच्या मागे आहे. त्यातही माझा प्रश्न बारका. फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तो आजूबाजूच्या पाण्यात सोडून का देत नाही? सोडली तर ती वाहून जातील आणि सुटलेली साखर शेजारचेच गट्ट करतील. म्हणून तो ती अंगावरच बाळगतो. स्कॅफोल्डिन या लांब प्रथिनावर कोहेसिन नावाच्या खोबणी असतात, विकराच्या टोकाला डॉकेरिन नावाचा खुंटा. कॅल्शियमशिवाय तो खुंटा नीट बसत नाही. हा सगळा पसारा शेवटी स्काई नावाच्या प्रथिनावर येतो आणि सॉर्टेज हे विकर स्काईला पेशीभित्तीशी कायमचं जोडून टाकतं. 1983 मध्ये बायर आणि लामेड या संशोधकांनी क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम नावाच्या ज्या दुसऱ्या जंतूत अशी रचना दाखवली, त्याची भित्तीवरची पकड अशी पक्की सांधलेली नसते. माझ्यावाल्याची असते. तंतूला धरणारं त्याचं दुसरं एक प्रथिन स्काईत अडकतं. तो जोड ओढून तोडायला 600 ते 750 पिकोन्यूटन बळ लागतं, हे 2014 मध्ये मोजलं गेलं. प्रथिनांच्या जगात एवढी घट्ट मिठी क्वचितच सापडते.

आता गाय.

गावात लग्न होतं. पंगती उठल्यावर उरलेला भात, बुंदी, पोळ्या गोठ्यात आल्या. आमच्याकडे अन्न उकिरड्यावर टाकत नाहीत, जनावराच्या मुखी घालतात. देवणी गाय, दुसऱ्या वेताची. तिने टोपलं चाटूनपुसून खाल्लं. रात्री दादाचा फोन आला : रवंथ बंद, पोट तटतटलेलं, शेण पातळ आणि आंबूस. मी पहाटे पोचले तोवर ती बसलेली होती, कान गार पडले होते. डॉक्टर आले होते. सलाइन लावलं, खाण्याचा सोडा पाजला, शेजारच्या धडधाकट बैलाच्या कोटीपोटातलं पाणी काढून तिला पाजलं. बादली मी धरली होती. बैलाच्या त्या पाण्यात माझे जंतू होते, कोट्यवधी. दिवस वर यायच्या आत ती गेली.

दादाने विचारलं, "काय झालं नेमकं?" मी सांगू लागले. पिष्ट झटकन आंबतं, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू सहाच्या खाली गेला की तंतू फोडणारे जंतू वाढायचे थांबतात... तो म्हणाला, "म्हणजे तुझेच आधी गेले?"

हो. माझेच आधी गेले. ती मिठी कितीही घट्ट असू दे, आंबटात ज्याने मिठी मारायची तोच टिकत नाही. हे मला माहीत होतं, पाठ होतं. पण माहीत असणं आणि गोठ्यात रात्री हजर असणं या दोन गोष्टी आहेत. माझ्याजागी खुद्द बायर असते तरी त्यांनी बादलीच धरली असती. हे मी चिडून लिहितेय, कळतंय मला.

आणि ते दुसरं, "तुमच्या जंतूंची पावडर कधी निघणार?" हवा लागली की तो मरतो. नुसती विकरं काढून पुड्यात भरावीत, तर त्याची सगळी करामत अंगाला धरून ठेवण्यात आहे. सध्या तरी माझ्याकडे देण्यासारखा पुडा नाही.

पीएचडी करणारी मी यावर फटकन म्हणाले असते, मूलभूत संशोधनाला उपयोग विचारू नये. आजची मी तिला विचारते, मग प्रत्येक अर्जात "चाऱ्याची पचनीयता" हे शब्द कशाला घालत होतीस? ती म्हणते, त्याशिवाय पैसे कोण देणार होतं? यावर मला काही बोलता येत नाही, आणि ती बरोबर आहे असंही वाटत नाही.